वजा सॅल्व्हेज

उलव्यात, सेक्टर एकोणीसच्या टोकाला,
जिथे डांबरी रस्ता कंटाळून संपतो
आणि तिवरं सुरू होतात,
तिथे एक भिंत आठ मीटर खोल खड्ड्यात झोपली होती.
मी टेप घेऊन गेले. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं;
वॉचमन पुढे आला. पदू घरत.
टोक त्याने असं धरलं, जशी जाळ्याची दोरी धरतात,
ताणून, पण हाताला कळेल इतकी ढिली.

माझ्या कामात विशेषणं चालत नाहीत.
लांबी एकतीस मीटर साठ. जाडी तीनशे मिलिमीटर.
पंप दोन, बुडालेले. सळई नऊ टन, गंज धरू लागलेली.
जीवितहानी निरंक.
शिवाय सात बिगाऱ्यांची पत्र्याची खोली,
तीत एक स्टोव्ह, चार गाद्या, कुणाचं तरी पासबुक.
पॉलिसीच्या यादीत नाही, म्हणून मोजली नाही.
मोजली. वहीच्या मागच्या पानावर.

साइट इंजिनिअर झुबेर मुकादम म्हणाला,
"मॅडम, सगळं व्यवस्थित होतं. एकदम झालं. अचानक."
'अचानक' म्हणताना तो कंत्राटदाराच्या गाडीकडे पाहत होता.
त्या एका शब्दाची किंमत एक कोटी चौऱ्याऐंशी लाख.
पॉलिसी फक्त अचानक घडलेल्याचे पैसे देते;
ज्याची चाहूल लागली होती, ते तुमचं तुम्ही बघा.

चहा घेताना पदू बोटांवर हिशेब करत होता.
"अवस गेली. मंग पाडवा, मंग बीज.
तिथीची पाऊणपट करायची, बाय, भरतीची वेल निघते.
बीज म्हनजे दीड वाजता. भित गेली एक चालीसला."
दहा मिनिटं तिने जीव धरला होता, एवढंच.
"ह्यांना बोल्लू व्हतू. इथं आमचं मिठागर व्हतं.
पानी इचारून नाय येत, पन सांगून येतं."

आता सांगा, हे कुठल्या रकान्यात लिहू?
लिहिलं तर दावा बुडतो, दाव्याबरोबर बिगाऱ्यांची मजुरी;
कंत्राटदार म्हणतोच, विमा आला की देतो.
नाही लिहिलं, तर बावीस वर्षं मी काय मोजत होते?
खारघरच्या घरी दोन रात्री अहवाल तसाच उघडा.
शेवटी लिहिलं.
परिशिष्ट 'छ', तारखेसह, पंचांगाचं पान जोडून,
ताळेबंदाच्या आणि काँक्रीटच्या चाचण्यांच्याही मागे.
भित्रेपणा म्हणा. म्हणाच.

लवादाची ही अकरावी बैठक, बेलापूर, थंडगार हॉल.
कंपनीच्या वकील टिपणीसबाई एक कोश घेऊन आल्यात,
समोरचे दमानिया दुसरा.
निवृत्त न्यायमूर्तींना खारी आवडते, चहात बुडवून.
तीन वर्षांत आम्ही पान चौदावर आहोत:
'आकस्मिक' म्हणजे काय.
परिशिष्ट 'छ' पर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

काल परत गेले; पुढच्या तारखेसाठी सॅल्व्हेज काढायचं होतं,
उरल्यासुरल्या मालाची किंमत, जी दाव्यातून वजा होते.
सळई चोरीला गेली. पंप नाहीत.
पत्र्याच्या खोलीच्या जागी चुलीचे तीन दगड.
खड्ड्यात पाणी, भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं,
भिंतीच्या पाठीवर शेवाळ, त्यावर निवट्या उड्या मारतात.
पदूची नोकरी केव्हाच गेली; तरी तो तिथेच,
वादग्रस्त मालमत्तेत पाग टाकून उभा.
वेळ त्याला विचारावी लागत नाही.
त्याने पाच चिंबोऱ्या दिल्या, नांग्या सुतळीने बांधून.
मी नको म्हणाले नाही.

सॅल्व्हेज: निरंक, असं लिहून सही केली.
पिशवी रात्रभर ओट्यावर खुडखुडत होती.